आकृती तीन

“बघून तरी घ्या, सर! न बघताच सही नाही म्हणता?”

हर्षदा सोनजेचा आवाज चढला होता. गणिताच्या संगणक प्रयोगशाळेतली बाकीची मुलं माना खाली घालून ऐकत होती.

तिचं चिडणं अगदीच चुकीचं नव्हतं म्हणा. पाचच्या आत प्रयोगवहीवर कोठावदे सरांची सही झाली नाही, तर उद्याच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येणार नव्हतं. वर्ष गेलंच म्हणून समजा.

आणि वही तरी कशी! अख्ख्या खानदेशात अशी कुणी केली नसेल, असं हर्षदाचं प्रामाणिक मत होतं. सोनेरी किनारीचं मुखपृष्ठ, निळ्या पट्टीतले मथळे, पाच रंगांतले आलेख. नवरीसारखी नटवली होती.

सरांनी ती हातात घेतली, जरा तोलून पाहिली आणि न उघडताच परत दिली. मग खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले.

त्यांची ही तऱ्हा सगळ्यांना ठाऊक होती. वही सरांच्या पाठीला वाचून दाखवायची. सरांना कळली तर सही. भल्या भल्यांची तिथे बोबडी वळायची.

“वाच,” सर भिंतीला म्हणाले.

हर्षदाने खडा आवाज लावला. उद्देश, समीकरण, प्रोग्रॅम... कुठे म्हणून अडखळली नाही.

“निष्कर्ष. आकृती तीनवरून स्पष्ट दिसते की...”

“मला नाही दिसत.”

“तुम्ही इकडे वळलात तर लगेच दिसेल, सर.”

“मी वळणार नाही.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. हर्षदाचे कान तापले. पंधरा दिवस खपून केलेलं काम, आणि हे भिंत बघत बसलेत! तिला रडू यायचंच बाकी होतं.

“बरं, सांगते. एक वक्र रेषा आहे. लाल रंगाची.”

“रंग राहू दे.”

“ती... खालून वर येते. उणे दोनपाशी आडव्या अक्षाला छेदते. अक्षाला भेटेल तिथे समीकरणाचं उत्तर. मग वर जाऊन खाली येते, एकपाशी अक्षाला टेकते आणि पुन्हा वर जाते. म्हणजे उत्तरं दोन. उणे दोन आणि एक.”

“टेकते?”

“हो, सर.”

“टेकते, की बुडून वर येते?”

हर्षदा वहीवर वाकली.

तिने आकृतीकडे पाहिलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच नीट पाहिलं. उठून दिसावी म्हणून तिने रेषा चांगली जाडजूड केली होती, आणि एकपाशी ती अक्षावर अशी ऐसपैस बसली होती की खाली काय चाललंय याचा पत्ता लागू नये.

“ठाऊक नाही,” ती म्हणाली.

असं काही ती त्या प्रयोगशाळेत याआधी कधी बोलली नव्हती.

घड्याळात सव्वाचार झाले होते. हर्षदा संगणकाकडे धावली. रेषा केसाएवढी बारीक केली. एकच्या आसपासचा तुकडा मोठा करून घेतला. प्रोग्रॅम आधी एकेक दशांशाची उडी मारत चालला होता. आता त्याला हजारांशाच्या पावलांनी चालवला.

रेषा एकपाशी अक्षाखाली गेली. इवलीशी बुडी मारली आणि जराशी पुढे जाऊन पुन्हा वर आली.

“तीन!” ती ओरडलीच. “सर, दोन नाही, तीन उत्तरं आहेत! उणे दोन, एक आणि एक पॉइंट शून्य दोन!”

सगळा वर्ग उठून तिच्या पडद्याभोवती गोळा झाला. जो तो आपापली वही उघडून बघायला लागला. सगळ्यांची उत्तरं दोनच होती.

पाचला दहा मिनिटं कमी असताना ती दोन साधे कागद घेऊन आली. काळी शाई, दोन्ही अक्षांना नावं, आलेखाखाली दोन ओळी. तिने सरांच्या पाठीला ते वाचून दाखवले. ‘स्पष्ट दिसते’ असं एकदाही म्हणाली नाही.

सर वळले. सही केली.

हर्षदा मात्र तिथेच घुटमळली.

“सर, एक विचारू? आपल्या छापील प्रयोगपुस्तिकेतही उत्तरं दोनच दिलीत... आणि ती पुस्तिका तर...”

“मी लिहिलीय. अकरा वर्षं झाली.”

सरांनी खणातून पुस्तिका काढली, चौथा प्रयोग उघडला आणि ती हर्षदासमोर ठेवली. खिशातलं लाल पेन काढून तिच्या हातात दिलं.

“घे, पोरी. आता माझी तपास.”