तिघांचं एकच मागणं

डोंगरातला एकुलता एक झरा गव्याने अडवला, त्या काळची ही गोष्ट. उताराला राहणारी साळिंदर, भेकर आणि मुंगूस जांभळीखाली जमली. गव्याकडे जायचं तर तिघांनी मिळूनच, अशी त्यांनी शपथ घेतली.

साळिंदराला मात्र चैन पडेना. भेकराने शपथ घेताना डोळे का मिटले? मुंगसाचं तर बोलणंच नको तितकं गोड! दुसऱ्या दिवशी दुपारी ते गुपचूप झऱ्यावर गेलं.

"महाराज, त्या दोघांपासून मला सांभाळा. हवं तर माझ्या वाटणीचं पाणी तुम्हीच प्या."

गव्याने तोंडावरचं पाणी सावकाश झटकलं.

"तुमची एकी मानली बुवा! सकाळी भेकर आलं, मग मुंगूस, आता तू. पण तिघांचं मागणं अगदी एकच!"