कापलेला दांडा

एकदा एक शिंपी एका वृद्ध सायकल-कारागिराकडे आला. आला म्हणजे, शेजाऱ्याने मोटारसायकलवरून आणून त्याला बाकावर बसवले. बालपणीच्या आजाराने त्याचे दोन्ही पाय अधू झाले होते. हात मात्र शिवणाचे हातमशीन फिरवून फिरवून चांगले दणकट झाले होते.

शेजारी चहाला गेला, तसा शिंपी हलकेच म्हणाला, "वस्ताद, हातांनी चालवायची तीनचाकी करून द्या. मुलीला शाळेत मी सोडणार. शेजारी देवमाणूस आहेत, रोज नेतात, आणतात. पण परवा मी समोर मशीनवर बसलेलो असताना पोरीनं त्यांना विचारलं, 'काका, मी सहलीला जाऊ?' त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं."

बापाच्या जिव्हारी काय लागले, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

वस्तादांचा एक शिष्य होता, गुणी आणि कनवाळू. ही हकीकत ऐकून तो जिवापाड कामाला लागला. हातांनी फिरवायची पायडले त्याने शिंप्याच्या छातीच्या उंचीला बसवली. मागे मुलीसाठी रुंद कॅरिअर केले. त्यावरची गादी शिंप्याने स्वतः शिवून दिली. आणि शेवटी, कोणी सांगितले नसताना, शिष्याने पाठीमागे ढकलण्यासाठी एक भक्कम दांडा जोडला. त्यावर हाताला बोचू नये म्हणून रबरही चढवले. आता वस्ताद पाठ थोपटणार, अशी त्याची खात्री होती.

तीनचाकी न्यायला शिंपी आला. वस्तादांनी दांडा पाहिला. ते शिंप्याच्या कानाशी वाकून दोन शब्द बोलले, आणि करवत घेऊन त्यांनी तो दांडा मुळापासून कापून टाकला.

शिंपी गेल्यावर शिष्याचा संताप उफाळून आला. "शाळेपुढचा चढ ठाऊक आहे ना तुम्हाला? मध्येच अडला तर काय करील तो?"

"उद्या सकाळी चल. काय करतो ते पाहू," वस्ताद शांतपणे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोघे चढाच्या कडेला उभे राहिले. तीनचाकी आली. कॅरिअरवर दप्तरासकट मुलगी ऐटीत बसली होती. निम्मा चढ शिंप्याने झपाट्याने कापला आणि मग चाके जड झाली. शिष्य धावणार, तोच वस्तादांनी त्याचे मनगट धरले. मागून येणारा दूधवाला मात्र लगबगीने ढकलायला सरसावला. पण मागे कॅरिअरवर मुलगी होती, धरायला काही नव्हते. मग तो पुढे आला आणि शिंप्याला म्हणाला, "मामा, हात लावू का?"

"थांबा जरा," शिंप्याने ब्रेक आवळला.

मागून मुलगी म्हणाली, "बाबा, मी उतरू?"

शिंप्याने चढाकडे पाहिले, मग स्वतःच्या हातांकडे. "उतर. दप्तर राहू दे, ते मी आणतो." दूधवाल्याला त्याने हसून नमस्कार केला आणि पुन्हा पायडले फिरवू लागला. मुलगी बाजूने चालू लागली.

वस्तादांनी शिष्याचे मनगट सोडले. "दांडा लावताना तू त्याला विचारलं होतंस?"

"नाही," शिष्य म्हणाला.

"मी कापण्याआधी विचारलं. तो म्हणाला, कापा. अरे, मदत वाईट नाही. पण सख्खा भाऊसुद्धा कडी वाजवून घरात येतो. दांडा दिसला असता, तर त्या भल्या माणसानं न विचारता याला वर नेऊन ठेवलं असतं. मुलगी शाळेत पोचली असती आणि बाप सामानासारखा तिच्यासोबत. आता चढ त्याचा आहे आणि थांबणंही त्याचं. उद्या दमला, तर 'हात लावा' असंही तोच म्हणेल."

शिष्याला आपल्या रबर चढवलेल्या दांड्याची मनापासून लाज वाटली, आणि वर जाणाऱ्या त्या तीनचाकीकडे पाहून तितकाच आनंदही झाला.

शाळेच्या फाटकाशी शिंप्याने कपाळाचा घाम पुसला आणि दप्तर मुलीच्या पाठीवर अडकवले. ती धावत आत गेली, आणि काहीतरी आठवून तशीच माघारी फिरली.

"बाबा, मी सहलीला जाऊ?"

शिंप्याने लगेच हो म्हटले नाही. कोणत्याही बापाने करावा तसा गंभीर चेहरा करून तो म्हणाला, "संध्याकाळी न्यायला येईन, तेव्हा सांगतो."