चुन्याचा हात

"...आणि हे चर्च बांधलं कुणी?" फादर इनासनी विचारलं.

ऑस्करला आतून गुदगुल्या झाल्या. गुरूने विचारावं आणि आपण सांगावं, याच घडीची तो वाट बघत होता.

"पोर्तुगीजांनी, फादर. पण दगड इथला आणि गवंडीही इथलेच. ही कमान बघा. माथ्याच्या दगडावर गुलाब कोरलाय. शेकडो वर्षं चुन्याखाली गुदमरला होता बिचारा. मी मोकळा केला."

"हं..."

वसईकडच्या भोमाळे गावात फादर इनासनी उभी हयात काढली होती. आता ते थकून वृद्ध धर्मगुरूंच्या आश्रमात राहत; आज ऑस्करने त्यांना बोलावून आणलं होतं. ऑस्करला वेदीवर सेवा करायला त्यांनीच शिकवलं, धर्मगुरू व्हायला सेमिनरीतही त्यांनीच धाडलं. पुढे तो रोमला गेला आणि जुन्या चर्चच्या बांधकामावर मोठी पदवी घेऊन फादर ऑस्कर होऊन आला. फादरला सहसा त्याच्याच गावात नेमत नाहीत. पण भोमाळ्याचं चर्च जीर्ण झालं होतं, म्हणून बिशपांनी त्याला मुद्दाम पाठवलं. आल्या आल्या त्याने आतल्या भिंतींवरचा सगळा चुना खरवडून काढला.

"एकच अडचण आहे, फादर. लोक आत येत नाहीत. मिस्साची प्रार्थना अंगणात उभं राहून ऐकतात, भर उन्हात. रविवारी बिशप येणार. त्यांना काय, रिकामं चर्च दाखवू? तुमचा शब्द कुणी मोडणार नाही. जरा समजवा त्यांना."

"तुला कुणी काही बोललं?"

"सेरफिना मावशी आली होती. म्हणे, चुना काढू नका. मी म्हटलं, मावशी, तुम्ही तुमची चूल बघा, चर्चचं मी बघतो."

म्हाताऱ्याने मान डोलावली. ऑस्करला वाटलं, कौतुकाने डोलावली. मोठी पदवी घेतलेल्या माणसाला असं फार लवकर वाटतं.

"चुना जाड होता?"

"वीतभर! त्यात कुठे फुगवटे, कुठे हाताचे पंजे उठलेले. एक जागा सरळ असेल तर शपथ. माझे परदेशातले प्राध्यापक बघायला आले असते, तर मला लाज वाटली असती."

"लाज..." फादर इनास म्हणाले.

"चला, मागून बघा. वेदीमागची खिडकी बाहेरूनच नीट दिसते."

चर्चच्या मागे खरवडलेल्या चुन्याचा ढीग पडला होता. ऑस्कर बुटांसकट त्यावर चढला आणि खिडकीकडे बोट करून बोलू लागला.

ढिगाच्या कडेशी येऊन फादर इनास थांबले. भिंतीला धरून सावकाश वाकले. एक चप्पल काढली, मग दुसरी.

"अहो फादर, चपला असू द्या. पायाला काहीतरी लागेल."

म्हाताऱ्याने चपला भिंतीशी ठेवल्या. चर्चमध्ये तो चपला घालूनच फिरला होता. इथे मात्र तो अनवाणी उभा राहिला.

ऑस्करचं बोट हवेतच राहिलं. त्याने खाली पाहिलं. बुटाखाली चुन्याची एक खपली होती. तिच्यावर पाच बोटं.

भोमाळ्यात माणूस गेलं की मृतांच्या दिवसाआधी त्याच्या पोटचं पोर चर्चमध्ये येतं. गेलेलं माणूस मिस्साला जिथे बसायचं, तिथल्या भिंतीला ओल्या चुन्याचा हात देतं. कुंचा चालत नाही, उघडा तळहात लागतो. ऑस्कर हे बघतच वाढला होता. रोममध्ये तो त्याला 'नंतरची भर' म्हणायला शिकला, आणि ती भर काढून टाकायलाही शिकला.

"फादर... माझी आई गेली तेव्हा मी..."

"परीक्षेला बसला होतास."

"मग तिच्यासाठी हात..."

"मी दिला." फादर इनासनी आपला उजवा तळहात उघडून पाहिला. "आठवडाभर चुरचुरत होता. मिस्साचा पेला धरवेना."

ऑस्करला ढिगावरून खाली कसं यावं ते कळेना. पाय टाकावा तिथे कुणीतरी होतं. तो उतरला, बूट काढले आणि बूट हातात धरून तसाच उभा राहिला. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं त्याला. आपण आपल्या आईला खरवडून काढलं आणि वर उभं राहून गुरूला खिडकी दाखवली.

संध्याकाळी त्याने घमेल्यात चुना कालवला. पाण्याची बादली सेरफिना मावशीने आणून ठेवली. ती परत गेली नाही. तिच्यामागे अंगणातली माणसं दारापर्यंत आली आणि उंबऱ्यावर थांबली.

झग्याची बाही सारून ऑस्करने हात बुडवला. चुना झोंबला. तो भिंतीपाशी गेला. मग इकडे सरकला, तिकडे सरकला. त्या भिंतीतल्या दगडन् दगडाची माहिती त्याला तोंडपाठ होती. हातातून चुना पायांवर ठिबकत राहिला.

शेवटी तो वळला. सगळ्या गावाच्या देखत त्याला विचारावं लागलं.

"फादर... आई कुठे बसायची?"

फादर इनास मागच्या बाकावर बसले होते. त्यांना ती जागा नक्की ठाऊक होती.

"कुठूनही सुरुवात कर."