बुजवलेले झरोके

लहानथोरांनो, ही गोष्ट फार फार जुनी आहे. वाटलीच तर आपल्या घरातली समजा.

एका डोंगराच्या कुशीत एक गाव होते. गावातले सगळ्यांत मोठे दगडी घर एका धनवान म्हाताऱ्याचे. त्या घराच्या भिंतींना घाम फुटे. पाऊस सरून कडाक्याची थंडी पडली, तरी सकाळी दगडांवरून थेंब ओघळत. अंथरुणे कुबट, कोपरे काळे. म्हाताऱ्याच्या सुनेची तान्ही लेक खोकून खोकून निळी पडे.

"कौलं गळतात," म्हातारा म्हणाला. कौले बदलली. "चुना कमी पडला," म्हणाला. डागांवर चुना फासला. तो वाळायच्या आत डाग पुन्हा वर आले. मग त्याने त्या भिंतीवर जरीचा पडदा सोडला.

"आता दिसतंय का काही?"

"दिसत नाही, मामंजी. पण पोरगी खोकतेच आहे."

"मग तिला काढा द्या! माझ्या घराला नावं ठेवू नका."

सून धुसफुसत दुपटी वाळत घालायला बाहेर आली. रस्त्याकडच्या भिंतीत, चुलीच्या बरोबर वर, तिला मातीने लिंपलेले दोन चौकोन दिसले. दगडी भिंतीत माती कशाला?

समोरच्या ओट्यावर शेजारची म्हातारी बसली होती.

"आजी, हे काय हो?"

"झरोके होते, बाई. बांधणाऱ्यानं घराला नाक ठेवलं होतं. मोठा दुष्काळ पडला, तेव्हा तुझ्या सासऱ्यानं बुजवलं."

"का?"

"तुमच्या भाताचा वास यायचा ना गं. आमची पोरं दारात येऊन उभी राहायची."

सुनेच्या अंगाची लाही लाही झाली. ती तशीच आत गेली. चुलीवर भात रटरटत होता. वाफ वर जाई, वाट शोधी, आणि गार दगडाला लागून पाणी होऊन खाली येई. तिने शिडी लावली, मुसळ उचलले.

"सूनबाई, वेड लागलं का? घरातलं सगळं रस्त्यावर जाईल!"

"जाऊ द्या! उपाशी पोरांना वाससुद्धा मिळू नये म्हणून तुम्ही भिंत लिंपलीत. तीच वाफ आज तुमच्या नातीच्या छातीत बसलीय. पडदा तुमची लाज झाकेल, मामंजी. तिचा श्वास मोकळा होणार नाही!"

दणादण घाव बसले. माती ढासळली. उन्हाचा पट्टा आत शिरला आणि कोंडलेली वाफ बाहेर धावली. भाताचा वास रस्त्यावर गेला, तशी शेजारची पोरे दारात येऊन उभी राहिली. सुनेने त्यांची पाने मांडली.

म्हातारा तोंड लपवायला पडद्याकडे वळला. त्याने पडदा धरला, तर कुजलेले कापड त्याच्या हातात आले, आणि काळी भिंत सगळ्यांसमोर उघडी पडली.

थंडी सरायच्या आत भिंती कोरड्या झाल्या. लेकीचा खोकला थांबला. सुनेने बुरशी खरवडून काढली. डाग तेवढे राहिले. त्यांवर चुना मात्र तिने लावू दिला नाही.

म्हणून ध्यानात ठेवा: शेजाऱ्याला नाकारून कोंडलेली वाफ आपल्याच भिंतीत मुरते, आणि ती ओल चुन्याने झाकून जात नाही, झरोका उघडूनच जाते.