ओल्या अंगाचा गारवा

"एक दिवस थांबलो असतो, तर दादा वाचला असता का?"

धाकट्या बेडकाने हे खेकड्याला विचारले, कासवालाही विचारले. खेकडा नांग्या पुसत राहिला. कासवाने मान आत ओढून घेतली. मुलांनो, ही त्या धाकट्याची आणि त्याच्या दादाची गोष्ट.

एका जंगलात, आटत आलेल्या तळ्याच्या काठी हे दोघे भाऊ राहत होते. थोरला शांत, धाकटा उतावळा. धाकटा शाळेत फार दिवस टिकला नव्हता, पण हात त्याचे कधी स्वस्थ बसत नसत. त्या उन्हाळ्यात थोरला आजारी पडला. तळ्यात नुसता चिखल उरला आणि चिखलालाही भेगा पडू लागल्या. माळापलीकडच्या डोहात पोहोचला तरच थोरला जगणार होता. दारात त्यांची जुनी गाडी होती, पण तिचा एसी बंद पडला होता. आणि बेडकाने भर उन्हात तसाच माळ ओलांडायचा म्हणजे तापल्या तव्यावर बसायचे.

गाड्या दुरुस्त करणारा खेकडा गाडीखाली शिरला, नळ्या चाचपून बाहेर आला. "गॅस कुठूनतरी गळतोय. ती जागा सापडल्याशिवाय नवा भरून काही उपयोग नाही. आज कासवाची गाडी उघडून ठेवलीय. उद्या सकाळी तुझी घेतो."

"उद्यापर्यंत दादाचं काय होईल, काका?"

"ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेव. आणि तू हात लावू नकोस हां! मागे हॉर्न दुरुस्त केलास, तेव्हापासून ब्रेक दाबला की हॉर्न वाजतो."

"वाजू दे की, काका," थोरला पडल्या पडल्या हसला. "निदान लोक बाजूला तरी होतात."

ऊन चढले. गोणपाट ओले करावे तेवढ्यात सुकत होते. थोरल्याच्या पाठीवरची कातडी पांढुरकी पडू लागली. धाकटा एकदा भावाकडे बघे, एकदा गाडीकडे. थांबावे की आपणच करून टाकावे?

"काका म्हणतात तर थांबू या रे," थोरला म्हणाला.

"तू गप पड, दादा. मी आहे ना!"

खेकडा जेवायला बिळात गेला होता. धाकट्याने त्याच्या शेडमधला गॅसचा डबा उचलला आणि नळीला लावला. हिस्स आवाज झाला. गॅस भरतोय, असे त्याला वाटले. खरे तर तो फुटक्या जोडातून बाहेर चालला होता. मग उडी मारून तो गाडीत शिरला, पंखा सुरू केला आणि चिखलाने ओले झालेले पोट वाऱ्यासमोर धरले. "गार! दादा, अगदी बर्फासारखं गार!" ओल्या अंगाला कुठलाही वारा गारच लागतो, हे त्या घाईत त्याच्या लक्षात आले नाही. त्याने दादाला मागच्या सीटवर निजवले, काचा वर केल्या आणि गोणपाट अंगणातच टाकले. "आता याची काय गरज?"

माळ सुरू झाला. वाऱ्याने दोघांचीही अंगे सुकली.

"दादा, गार लागतंय ना?"

"हो रे, छान लागतंय. तू समोर बघून चालव."

थोड्या वेळाने धाकट्याने पुन्हा विचारले. पुन्हा तेच उत्तर आले, फक्त आवाज बारीक झाला होता. मध्यावर पोहोचल्यावर त्याचा सुकलेला पंजा सहज वाऱ्यासमोर गेला. चुलीच्या तोंडातून यावी तशी झळ लागली. त्याने गाडी थांबवली, काचा खाली केल्या, मागे वळून हाका मारल्या. या वेळी उत्तर आले नाही.

तरीही त्याने गाडी डोहापर्यंत नेली. दादाला पाठीवर घेऊन तो काठ उतरला. त्याच्या अंगावरची धूळ धुतली, सावलीतल्या गार चिखलात त्याला निजवले आणि ती कातडी पुन्हा सुकू नये म्हणून अंधार पडेपर्यंत तो ओंजळीने पाणी घालत राहिला.

तात्पर्य : माया कितीही असली, तरी जे काम आपल्याला येत नाही ते आपल्याच माणसाच्या जिवावर करून पाहू नये.