खणत्या काठीचा हट्ट

माणसाला दार ठाऊक नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. हरणांचा कळप पुढे सरकला की टोळी आपली चूल पायानं मोडायची आणि त्याच्यामागे निघायची.

एकदा झिंगरीनं चूल मोडायला पाय उचलला, तोच तिच्या हातातली कंद उकरायची काठी म्हणाली, "थांब गं! तुझ्या झोळीतून सांडलेले दाणे बघ कसे उगवलेत. मी भोकं पाडते, तू आणखी दाणे टाक."

"वेड लागलं का?" भाला खेकसला. "दाणे पोटात टाकायचे असतात. चला, कळप निघाला!"

"तू खुशाल जा. मी इथून हलणार नाही," म्हणत काठी जमिनीत घट्ट रुतून बसली. झिंगरीनं पाय खाली घेतला.

भाला पुरुषांबरोबर गेला. कणसं भरली तेव्हा तो उपाशीच परतला, आणि बघतो तर हरणं पिकात घुसलेली!

"ऊठ, भाल्या," काठी म्हणाली. "जन्मभर ज्यांच्यामागे पळालास, ती आज आपल्या दारात आलीत."

"दार म्हणजे काय?"

"तू आत्ता जिथे परत आलास ना, ते."