डालग्यावरचा पाटा

कोंबड्या बोलायच्या त्या काळची गोष्ट. सोयरे मुक्कामाला आले, तेव्हा भागाबाईने चार कोंबड्या डालग्याखाली झाकल्या आणि वर घरातला एकुलता एक पाटा ठेवला. चौघींनी धडका दिल्या. डालगं हललं नाही.

"वर पाटा आहे. गप पडा," म्हातारी काबरी म्हणाली.

मग रोज भागाबाईचा हात आत यायचा, एकीला न्यायचा आणि थोड्या वेळाने चुलीपाशी मसाला वाटल्याचा आवाज यायचा.

तिसऱ्या दिवशी काबरी गेली. उरलेली तुरेवाली एकटीच तो आवाज ऐकत बसली. एकाएकी तिच्या डोक्यात आलं, पाटा तर तिकडे वाजतोय!

तिने पाठीने रेटा दिला. डालगं अलगद उलथलं.

मोकळ्या अंगणात उभी राहून ती म्हणाली, "काबरे, हा आवाज आपण रोज ऐकत होतो गं."